विटलेली ताडपत्री

घाट उतरून येणारी मालमोटार पाहिली म्हणजे तिच्या कपाळावरचीं रंगीत अक्षरें, मागच्या फळीवरचें चित्र आणि बाजूला लोंबणारे काळे गोंडे हें सर्व डोळ्यांत भरतें. हौद्यावर बांधलेल्या ताडपत्रीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. वास्तविक गाडींतील माल आणि वरचें आभाळ यांच्यामध्यें ती एकटीच उभी असते. आंत साखरेचीं पोतीं असोत, सिमेंट असो, नाहीं तर बदलीच्या गांवीं निघालेल्या एखाद्या कुटुंबाचीं कपाटें, गाद्या आणि पुस्तकांच्या पेट्या असोत. त्या सर्वांचें रक्षण त्या एका कापडावर अवलंबून असतें.

हें रक्षण किती मोठें आहे, याचा हिशेब शाळेंतील मुलालाही करतां येईल. ६ मीटर लांब व अडीच मीटर रुंद अशा हौद्याचें क्षेत्रफळ १५ चौरस मीटर होतें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं तें पाणी बरोबर एक लिटर भरतें. तेव्हां एका रात्रींत ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि सह्याद्रीच्या घाटांत आषाढांत तो कांहीं विशेष नव्हे, तर त्या हौद्यावर ७५० लिटर पाणी पडतें. म्हणजे ५० किलोच्या पंधरा पोत्यांइतक्या वजनाचें पाणी त्या कापडाला रात्रभर परतवून लावावें लागतें. त्यांतलें घागरभर जरी आंत शिरलें तरी सिमेंटच्या पोत्याचा दगड होतो, साखर पाझरूं लागते, आणि सोयाबीनला कुबट वास सुटतो. एकाच गाडीवर ज्याचें घर चालतें, त्या मालकाची महिन्याची कमाई अशा एका रात्रींत बुडूं शकते.

अशी ही ताडपत्री दोन-तीन उन्हाळे व पावसाळे सोसल्यावर विटते. हिरवी होती ती राखी दिसूं लागते, निळी होती ती पांढुरकी पडते. या वेळीं दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी रंग गेला म्हणून चांगली धडधाकट ताडपत्री टाकून देतो. दुसरा तिच्यावर तेलाचा हात फिरवून तिला चकचकीत करतो आणि निर्धास्तपणें माल भरतो. दोघेही रंगाकडे पाहून निकाल देतात. परंतु ताडपत्रीचें काम पाणी अडविण्याचें आहे, शोभेचें नव्हे. म्हणून रंग कां जातो आणि त्याच्याबरोबर दुसरें काय जातें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. स्वच्छतेचे व दुरुस्तीचे सर्व नियम त्यांतूनच निघतात.

ताडपत्री हें नांव ऐकतांच ताडाचें पान डोळ्यांपुढें येतें. पण वस्तूचा इतिहास निराळा आहे. इंग्रजींतील ‘टारपॉलिन’ या नांवांत ‘टार’ म्हणजे डांबर आहे. शिडांच्या जहाजांवर जाड कापडाला डांबर फांसून त्यानें माल झांकीत असत. पुढें डांबराच्या जागीं मेण आणि रबर आलें; चार्ल्स मॅकिन्टॉश यानें रबराचा थर दिलेल्या कापडाचें पेटंट १८२३ सालीं घेतलें. आज मात्र रस्त्यावर मुख्यतः तीन जातींच्या ताडपत्र्या दिसतात, आणि तिघींचीं दुखणीं व औषधें वेगवेगळीं आहेत.

पहिली जात सुती कॅनव्हासची. हें कापड घट्ट विणलेलें असतें. पाणी लागलें कीं कापसाचे तंतू फुगतात आणि विणींतलीं छिद्रें बुजतात. शिवाय त्याला मेणाचा पुट दिलेला असतो, आणि हिरव्या ताडपत्रींत पुष्कळदां तांब्याचे क्षार असतात; ते बुरशीला मारक ठरतात. दुसरी जात पीव्हीसीची. आंत पॉलिएस्टर धाग्याचें बळकट कापड आणि दोन्ही बाजूंस पीव्हीसीचा जाड थर, अशी तिची रचना असते. पीव्हीसी मुळांत कडक असतें. त्यांत तेलासारखें मऊ करणारें द्रव्य मिसळून तें लवचिक करण्याची युक्ति अमेरिकन रसायनज्ञ वाल्डो सेमन यानें १९२६ सालीं शोधून काढली, आणि पॉलिएस्टर धागा इंग्लंडांत १९४१ सालीं निघाला. तिसरी जात पॉलिइथिलीनची. ही वजनाला हलकी, किमतीला स्वस्त, आणि पावसाळा आला कीं शहरांतल्या प्रत्येक गच्चीवर दिसणारी. प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या विणून त्यांवर दोन्ही बाजूंनीं पातळ पापुद्रा चढविला म्हणजे ती तयार होते.

आतां या तिघींच्या समाईक शत्रूकडे वळूं या. १८०१ सालीं जर्मनींतील जेना या गांवीं योहान विल्हेल्म रिटर यानें लोलकांतून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यांत चांदीच्या क्लोराइडचा पुट दिलेला कागद धरला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्याला कांहींच दिसत नव्हतें, तेथें तो कागद सर्वांत लवकर काळा पडला. त्या अदृश्य किरणांना आज अतिनील किरण म्हणतात. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर असते; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अतिनील किरणांची तरंगलांबी ४०० पेक्षां कमी, आणि लांबी जितकी कमी तितकी किरणाच्या प्रत्येक कणांत शक्ति अधिक. पृथ्वीवर पोंचणाऱ्या सूर्याच्या शक्तींत त्यांचा वांटा थोडाच आहे. पण रेणूंतील बंध तोडण्यास तो पुरतो.

रंगद्रव्याचा रेणु म्हणजे ठराविक रीतीनें गुंफलेली अणूंची सांखळी. ती गुंफण शाबूत आहे तोंपर्यंतच ती प्रकाशाचा कांहीं भाग शोषते आणि उरलेला आपल्याला रंग म्हणून दिसतो. एक कडी तुटली कीं रंग गेला. तुटलेली कडी धुण्यानें जोडली जात नाहीं. म्हणून उन्हानें गेलेला रंग साबणानें परत येतो, ही समजूत सोडून दिली पाहिजे. साबणानें परत येतो तो मळाखालीं दडलेला रंग.

उन्हाचें काम येथेंच संपत नाहीं. पीव्हीसीमधील मऊ करणारें द्रव्य वर्षानुवर्षें बाहेर पडत राहतें. थर ताठर होतो, घडीवर बारीक भेगा पडतात आणि वरचा पापुद्रा भाजून त्याची खडूसारखी पूड होते. पॉलिइथिलीनच्या लांबच लांब रेणूंचे तुकडे पडतात आणि ताडपत्री कुरकुरीत होऊन हातांत चुरते. काजळीसारखा कार्बन मिसळलेलें काळें प्लॅस्टिक अधिक टिकतें, याचें कारण तो कार्बन हे किरण स्वतःच गिळून टाकतो. कॅनव्हासला उन्हाहूनही ओलाव्याचें भय अधिक. ओल्या कापडावर वाढणारी बुरशी कापसाचा तंतूच खाते. किटोमियम नांवाची बुरशी या कामांत इतकी तरबेज आहे कीं कापड कुजण्यास किती विरोध करतें हें पाहण्यासाठीं प्रयोगशाळेंत तीच वापरतात.

तेलाच्या हातानें ताडपत्री नवी कां दिसते, याचेंही उत्तर येथेंच मिळतें. पूड झालेला पृष्ठभाग सूक्ष्म खांचखळग्यांनीं भरलेला असतो. त्यावर पडलेला प्रकाश चोहोंकडे विखुरतो आणि कापड पांढुरकें दिसतें. तेल त्या खळग्यांत भरलें कीं विखुरणें थांबतें आणि खालचा रंग वर येतो. कोरडा दगड भिजल्यावर गडद दिसतो, त्यांतलाच हा प्रकार. परंतु तेल धूळ धरून ठेवतें, पीव्हीसीमधील मऊ करणाऱ्या द्रव्याला बाहेर ओढतें, आणि भेग मात्र होती तेथेंच राहते. डिझेल किंवा इंजिनाचें जळलेलें तेल लावणें हें तर त्याहूनही वाईट. त्याचा वास आणि डाग आंतल्या धान्याला व गाद्यांना लागतो.

म्हणून हातांत ब्रश घेण्यापूर्वीं ताडपत्रीची परीक्षा घ्यावी. ती पांच प्रश्नांची आहे. पहिला प्रश्न : कोरडें बोट घासलें असतां बोटाला पांढरी पूड लागते काय? लागली तर वरचा थर भाजला आहे. दुसरा : ओल्या फडक्यानें एक कोपरा पुसला असतां फडकें काळें होऊन रंग उजळतो काय, आणि वाळल्यावरही तो तसाच राहतो काय? राहिला तर दोष केवळ मळाचा होता. ओला असतांनाही रंग फिकाच राहिला तर रंगद्रव्यच गेलें. तिसरा : पाण्याचा थेंब टाकला असतां तो मोत्यासारखा उभा राहतो कीं कापडांत जिरतो? चौथा : ताडपत्री उन्हासमोर धरली असतां सुईच्या अग्राएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतात काय? विशेषतः शिवणी, घडीच्या रेघा आणि लोखंडी कमानीवर घासणाऱ्या जागा पाहाव्या. पांचवा आणि सर्वांत महत्त्वाचा : दोन्ही हातांनीं ओढलें असतां कापड ताण सोसतें कीं टरकतें?

या परीक्षेंत रंगाला फार थोडे गुण आहेत. थेंब उभा राहतो, ठिपके दिसत नाहींत आणि कापड ताण सोसतें, तर ती विटलेली ताडपत्री उत्तीर्ण झाली. तिला फक्त स्वच्छ करावें. ताण सोसतें पण थेंब जिरतो, तर तिला पुन्हां पुट द्यावा. ठिपके मोजके असतील तर ठिगळ लावावें. आणि ओढतांच टरकत असेल तर ती कितीही रंगीत असली तरी तिला गाडीवरून निवृत्त करावें.

कॅनव्हास स्वच्छ करतांना पाण्यापूर्वीं कोरडा ब्रश फिरवावा. धूळ भिजली कीं तिचा चिखल होऊन विणींत बसतो. म्हणून दोन्ही बाजूंची धूळ आधीं झाडून काढावी. बुरशीचे काळे ठिपके असतील तर हें काम मोकळ्या हवेंत, नाकातोंडास फडकें बांधून करावें. नंतर गार किंवा कोमट पाणी, मऊ ब्रश आणि सौम्य साबण. रिठ्याचें पाणी या कामास उत्तम. कढत पाणी व घासलेट मेणाचा पुट काढून टाकतात. धुण्याचा सोडा तीव्र अल्कली असल्यानें तोही वर्ज्य. क्लोरीनचें ब्लीचिंग कापसाचा तंतूच कमजोर करतें. साबणाचा अंश पूर्ण निघेपर्यंत पाणी बदलून खळबळावें. साबण पाण्याला कापडांत शिरण्याची वाट करून देतो. तेव्हां आंत राहिलेला साबण पुढच्या पावसांत फितुरासारखा वागतो.

कॅनव्हास पूर्ण वाळल्यावर पुटाचा विचार करावा. पॅराफिन मेण साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला वितळतें. वैशाखांतल्या दुपारीं उन्हांत पसरून तापलेल्या कापडावर मेणाची वडी घासली असतां मेण मऊ होऊन धाग्यांत उतरतें. राहिलेलें कोमट इस्त्रीनें उतरवितां येतें. मेण टर्पेंटाइनमध्यें मिसळून चुलीवर तापविण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे; ती आगीला आमंत्रण देणारी असल्यानें घरीं कधींही करूं नये. दुसरी जुनी रीत साबण आणि तुरटी यांची. कापडावर साबणाचें पाणी ब्रशनें लावून वाळूं द्यावें आणि मग त्यावर तुरटीचें पाणी लावावें. तुरटींतील ॲल्युमिनियम साबणांतील स्निग्ध आम्लाशीं संयोग पावतें आणि पाण्यांत न विरघळणारा ॲल्युमिनियमचा साबण धाग्यांत जाऊन बसतो. जो साबण एकटा असतां पाण्याला आंत घेत होता, तोच तुरटीच्या संगतीनें पाण्याला अडवूं लागतो. बाजारांत यासाठीं तयार द्रावणेंही मिळतात.

पीव्हीसीची ताडपत्री धुण्यास सोपी आहे. ती सपाट जागीं पसरावी, पाण्याची धार सोडून वाळूचे कण वाहून जाऊं द्यावे, आणि मग पातळ द्रव साबण व स्पंज यांनीं पुसावी. बुरशीच्या डागांना पाणी मिसळलेला व्हिनेगर लावून थोड्या वेळानें धुवावें. मात्र व्हिनेगर आणि ब्लीचिंग यांचा कधींही संयोग होऊं देऊं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो. पेट्रोल, थिनर व ॲसिटोन पीव्हीसीला मारक आहेत. भांडीं घासण्याची खरखरीत पूड वरचा थर खरवडते. गाड्या धुण्याच्या यंत्राची जोरदार धार शिवणीवर जवळून मारली तर शिवण उसवते. पूड निघून गेल्यावर, अतिनील किरण रोखणारें द्रव्य असलेलें, पाण्यांत मिसळून केलेलें व्हिनाइल-रक्षक लावावें. त्यानें जुना रंग परत येत नाहीं. पण उरलेला थर अधिक दिवस टिकतो. तें उन्हापावसानें झिजतें, म्हणून वर्षांतून दोन-तीन वेळां लावणें इष्ट. रंगच हवा असेल तर पीव्हीसीसाठीं बनविलेला लवचिक रंग घ्यावा. घराच्या खिडकीचा तैलरंग पहिल्याच घडीला तडकून गळतो.

पॉलिइथिलीनच्या ताडपत्रीबाबत मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. तिला मिसळलेलें अतिनील-रोधक द्रव्य संपलें कीं तिचें आयुष्य संपलें. मळ असेल तर साबणाच्या पाण्यानें निघेल. पण पापुद्रे सुटूं लागलेली ताडपत्री कोणत्याही उपायानें पूर्ववत् होत नाहीं. तिचे कण वाऱ्यानें उडून शेतांत व ओढ्यांत जातात आणि तेथेंच राहतात. म्हणून ती चुरूं लागण्यापूर्वींच उतरवून भंगारवाल्याकडे द्यावी. नवी घेतांना रंगाची चकाकी न पाहतां प्रति चौरस मीटर वजन किती ग्रॅम आहे तें विचारावें आणि आय. एस. ७९०३ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे कीं नाहीं तें पाहावें.

आभाळ फाटलें तर त्याला ठिगळ लावतां येत नाहीं असें म्हणतात; ताडपत्रीला मात्र लावतां येतें, आणि वेळेवर लावलें तर तें फार टिकतें. कॅनव्हासच्या भोकावर त्याच जातीचें कापड मेण लावलेल्या दोऱ्यानें शिवावें व टांक्यांवर पुन्हां मेण फिरवावें. पीव्हीसीचें ठिगळ तप्त हवेनें किंवा पीव्हीसीच्याच डिंकानें चिकटवावें, आणि त्याचे कोपरे गोल कापावे. टोंकदार कोपरा आधीं सुटतो. परंतु भोक कां पडलें याचा शोध न घेतां लावलेलें ठिगळ म्हणजे अर्धें काम. बहुतेक भोकें कमानींच्या कडांवर आणि हौद्याच्या कोपऱ्यांवर पडतात. तेथें जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले तर घर्षण कमी होतें. मधली कमान उंच ठेवली तर पाण्याचें डबकें सांचत नाहीं; सांचलेलें पाणी शिवणींतून वाट काढतें आणि कापडाला ताण देऊन फाडतें.

शेवटचा नियम वाळविण्याचा. ओली ताडपत्री घडी करून टपावर टाकली कीं उबाऱ्यांत दोन-तीन दिवसांत बुरशी धरूं लागते. गाडीवर पावसाळाभर ताडपत्री पूर्ण वाळत नाहीं, हें खरें; पण उघडीप मिळेल तेव्हां ती दोरीवर टाकणें क्लीनरच्या हातचें काम आहे. घडीही दर वेळीं त्याच रेघेवर करूं नये. रेघ तीच राहिली कीं भेग तेथेंच पडते. महाराष्ट्रांत खंडेनवमीला आणि दसऱ्याला मालमोटारी धुवून त्यांना झेंडूच्या माळा घालण्याची रीत आहे. पाऊस नुकताच ओसरलेला, ऊन कडक, हवा कोरडी होत चाललेली. ताडपत्री धुवून वाळविण्यास याहून चांगला काळ नाहीं. आणि पुट व ठिगळ यांचें काम वैशाखांत उरकावें, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यांत मृग लागण्यापूर्वीं गाडी तयार होते.

शहरांतल्या घरींही हाच पाठ उपयोगी पडतो. गच्चीवरचा आडोसा, दुकानापुढची छपरी, स्कूटरवरची खोळ, सर्व याच तीन जातींचीं कापडें आहेत आणि सर्वांवर तेंच ऊन पडतें. तेथेंही रंग उडाला म्हणून टाकूं नये आणि रंग आहे म्हणून विश्वासूं नये. एक थेंब पाणी टाकून पाहावें, एकदां उन्हासमोर धरावें, एकदां ओढून पाहावें. आणि बदलीच्या वेळीं घरचें सामान गाडींत चढत असेल तर ताडपत्री कोणत्या रंगाची आहे हें न विचारतां, ती शेवटची केव्हां तपासली हें मालकाला अवश्य विचारावें.